कादंबरीतले नायक आणि बंद पडलेला कूलर

परवा राजापेठेतल्या आमच्या घरी नात माझी एक जुनी कादंबरी घेऊन सोफ्यावर लोळत होती. नायक पहिल्यांदा येतो तो परिच्छेद तिनं मोठ्यानं वाचला, "भव्य भाल, सरळ नासिका, पाणीदार नेत्र..." मग पुस्तक पोटावर उपडं टाकलं. "आजी, असे माणसं खरंच असत का वं?"

"असत ना! फक्त पुस्तकाबाहेर निघत नसत," मी म्हटलं, आणि विशीतली मी आठवून असं हसू फुटलं की चहा साडीवर सांडला.

काय येडी पोरगी होती ती! तेव्हा आम्ही अकोल्यात राहत होतो. वाचनालयातून कादंबरी आणली की ती नायकाच्या पानावर आपोआप उघडायची. आमच्या आधीच्या पोरींनी ते पान इतकं वापरलेलं. नायकाचं सगळं मला पाठ. तो खिडकीशी हात मागे बांधून क्षितिजाकडे बघणार. कमी बोलणार, बोललाच तर घनगंभीर. त्याला भूक नाही, शिंक नाही. घामही नाही, फार तर घर्मबिंदू! अकोल्याच्या मे महिन्यात! आणि स्त्री आत आली की तो अदबीनं उठून उभा राहणार.

या अभ्यासाच्या जोरावर मी दोन स्थळं घालवली. एकाची मिशी बारीक होती, आणि बारीक मिशी लेखक खलनायकालाच देत. दुसरा बशीतला चहा फुर्र करून प्याला.

तिसऱ्या वेळी बाबा म्हणाले, "बाळापूरचे लोक येऊन राहिले. ते जायच्या आधी तुले विचारीन. नाही म्हटलं त नाही. पण मंग मी कोणाले बोलावणार नाही. तूच धुंड तुया राजकुमार."

मी मनात ठरवलं, मी आत गेल्यावर जो उभा राहील, त्यालाच हो.

पाण्याचा ट्रे घेऊन बैठकीच्या दारात आले, तोच कूलर घरघरला आणि त्याचं पाणी थांबलं. आत पाऊल टाकलं आणि नवरदेव चक्क उठून उभा राहिला! उभा राहिला, देवाशपथ उभा राहिला!

आणि माझ्याकडे पाठ करून कूलरकडे गेला.

आधी विजेची पिन काढली, मग बाही वर करून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी ट्रे घेऊन तशीच उभी, रागानं लाल. त्यानं पंप हलवला, ठोकला, पिन लावली. गार वारं सुटलं.

आता येऊन बसावं की नाही? तर हा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. आत आई स्टोव्हपाशी भजे तळत होती. त्यानं कूलरच्या पुढच्या पट्ट्या एकेक करून तिकडे वळवल्या.

"अबे, वारं इकडं कर ना!" त्याचे मामा करवादले.

"आपण त बसून आहो, मामा. त्या आगीपाशी हायेत."

कितीतरी नायक वाचले होते मी. नायिकेच्या आईला उकडतं, हे त्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं! मी आत धावले. आई झारा हातात धरून, डोळे मिटून वाऱ्यासमोर उभी होती.

मागोमाग बाबा आले. हळूच म्हणाले, "काय मंग? हो का नाही?"

"हो!"

आईनं खाडकन डोळे उघडले. "अवं, तोंड तरी पाह्यलं का त्याचं?"

"पाठ पाह्यली."

बाबा तोंडावर उपरणं दाबून हसत सुटले. "जाय, भजे नेऊन दे, अन् तोंडही पाहून घे."

गेले. कान बाहेर आलेले, नाक जरासं वाकडं, आणि ओले हात पुसायला काहीतरी शोधत असलेले बावचळलेले डोळे. मी भज्यांवरचा रुमाल पुढे केला. हात पुसत माझ्या नायकानं पहिलं वाक्य उच्चारलं, "पंप जुना झाला. पुढच्या उन्हाळ्यात नाही टिकत."

"मंग तुमीच या बदलाले," मी म्हटलं.

मामांच्या हातातलं भजं तोंडापाशीच थांबलं.