चालू कॉम्प्युटरवर ओलं गोणपाट

मंडळी, मुरबाडच्या सायबर कॅफेतून लिहितोय.

टोकावड्याला घरी मी सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडलाय. या उन्हाळ्यात त्याचा प्रोसेसर फार तापतो. स्क्रीनवर तापमानाचा आकडा बघून मी रोज "तापला, तापला" म्हणून कुरकुरतो. आई ते ऐकत होती, हे मला आज कळलं.

दुपारी कॉम्प्युटर चालू ठेवून दुकानात गेलो. परत आलो तर कॉम्प्युटरचा तापल्याचा अलार्म बोंबलतोय आणि कॅबिनेटला ओलं गोणपाट गुंडाळलेलं! माठाला गुंडाळतो, अगदी तसंच. हवा जायची सगळी भोकं बंद. वर आईचा हात, हातात पाण्यानं भरलेला तांब्या.

"आई, थांब! हात लावू नको!" ओरडतच मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

ती दचकली. "अरे, तूच बोलतस ना तापला म्हणून? वरडाय लागला, म्हणून आनखी पानी मारीत होते."

कॅबिनेट अंगणात वाळतंय. ते चालू होईल की नाही, काय माहीत. तो तांब्या मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुमच्या घरी सांगितलंय का कोणी, की याला पाणी चालत नाही? आजच सांगा. मी निघताना आई काळजीनं विचारत होती, "आता तरी थंड झाला का रे तो?"