खडशीचं कालवण

त्या बाईंना खडशी मीच खाऊ घातली. चुकून झालं, असं आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, अजून वाटतं.

बाई पुण्याच्या. नामशेष होत चाललेल्या प्राण्यांवर पेपरात लिहायच्या. पुस्तकासाठी खडशी मासा शोधत आमच्या गावी, पळसदेवला आल्या आणि चार दिवस आमच्याच घरी उतरल्या. खडशी वाहत्या पाण्यातली. धरणाचं पाणी साचलं, तळाचे धोंडे गाळाखाली गेले आणि ती दिसेनाशी झाली. आता जाळ्यात येते ती नुसती चिलापी. तरी बाई आबांच्या होडीत बसून दिवसभर खडशीचंच नाव काढायच्या. एकदा भेटली की जन्माचं सार्थक झालं म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर त्यांचा लेख वाचला. मासेमारांच्या हावेनं नदी रिकामी केली, असं त्यात लिहिलेलं. माझं डोकंच फिरलं. धरण काय आबांनी बांधलं? शहराची घाण आबांनी सोडली? आणि ही बया आमच्याच ताटात जेवून आमच्याबद्दल असं लिहिणार. मी कुणाला काही बोलले नाही.

चौथ्या दिवशी बाई धरणात बुडालेलं जुनं देऊळ बघायला गेल्या, पाणी उतरल्यानं ते उघडं पडलं होतं. तेवढ्यात आबा ओल्या पोत्यात गुंडाळून खडशी घेऊन आले. हातभर लांब, रुपयाएवढे खवले, कल्ले अजून हलत होते.

"चार दिस झालं, बाईंच्या तोंडी हेच नाव हाय," आबा म्हणाले. "आज जायच्यात त्या. झणझणीत कालवण कर."

आणि खुशीत अंघोळीला गेले. बाईंना ती खायची नव्हती, जिवंत बघायची होती, हे घरात मला एकटीलाच कळत होतं. दारातल्या हौदात सोडली असती तर बाई येईपर्यंत नक्की जगली असती. मी विळी घेतली.

बाई दोनदा रस्सा मागून जेवल्या. चिलापी इतकी गोड लागते हे माहीत नव्हतं म्हणाल्या. आबा गालात हसत होते, माशाचं खरं नाव त्यांना स्वतः सांगायचं होतं. त्याआधीच मी एक खवला धुऊन आणला आणि बाईंच्या ताटाशेजारी ठेवला.

"ही तुमची खडशी. आमची हाव लिहिली, आता तुमची पण लिवा."

बाईंनी खवला उचलून बराच वेळ बघितला. मग अंगणात जाऊन भडाभडा ओकल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आबा हात जोडून त्यांच्यामागं उभे राहिले. चूक झाली, दुसरी जिती आणून देतो, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाई गाडीत बसून गेल्या.

त्याला सहा वर्षं झाली. दुसरी खडशी काही गावली नाही. आबा रोज पहाटे जाळं खांद्यावर टाकतात आणि निघताना मला हौद भरून ठेवायला सांगतात. मी व्हय म्हणते आणि भरून ठेवते.