मावशींचा तरंगता दाणा

माशांच्या खाद्याच्या कारखान्यात मावशींनी अठरा वर्षं पोत्यांची तोंडं शिवली. संध्याकाळी घरी निघाल्या की त्या वासाने गल्लीतली मांजरं मागोमाग येत आणि यजमान दारातूनच ओरडत, "आली पलटण!" पुढे कारखान्यात तरंगत्या दाण्याचं मशीन आलं, तेव्हा मावशींनी मॅनेजरसाहेबांना तोंडावर सांगितलं, "हे मी चालवणार."

दोन महिने त्या शिकल्या. मासळीची पूड, सोयापेंड आणि गव्हाचं पीठ एकजीव करायचं, वाफ द्यायची. मग मशीन ते दाबून बारीक भोकांतून ढकलतं. बाहेर पडताच दाणा फुगतो, फुगला तरच तरंगतो.

सोमवारी परीक्षा ठरली. बादलीत शंभर दाणे टाकायचे. दहा मिनिटांनी पंच्याण्णव वर असले तर मशीन मावशींचं, नाहीतर पुन्हा पोत्यांची शिलाई.

पहिला घाणा निघाला, वाळला, बादलीत पडला आणि सरळ तळाशी जाऊन बसला.

"मावशी, आता माशांना बुडी मारायला शिकवा!" पीठ कालवणारा मिक्सरवाला खिदळला.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मिक्सरमधलं उरलेलं पीठ मुठीत आवळलं, मूठ उघडली. तळहात चकाकत होता.

"तेल कधी घातलंस रे?"

"पिठातच. जुन्या मशीनला घालतो तसं."

"अरे शहाण्या, जुन्या मशीनचा दाणा बुडणाराच असायचा! इथे पीठ तेलकट झालं की आत नुसतं घसरतं. दाबच बसला नाही तर फुगेल कुठून? ह्याला तेल शेवटी, वाळल्यावर, वरून."

मिक्सरवाल्याचं हसू मावळलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मावशी, परीक्षा म्हणजे परीक्षा."

"परीक्षा माझी आहे ना साहेब? मग पीठही माझ्या हातचं घेऊ द्या. तासभर थांबा."

साहेब खुर्ची ओढून बसले. मिक्सरवाल्याने मिक्सर पुसून कोरडा केला, पोती स्वतः उचलून आणली. या वेळी भोकांतून टपोरे दाणे तडतडत उडाले. वाळले, वरून तेल बसलं, बादलीत पडले. पॅकिंगच्या बायकाही काम टाकून धावल्या. दहा मिनिटं कुणी हललं नाही. मग साहेबांनी वाकून मोजलं.

"अठ्ठ्याण्णव!"

बायकांनी एकच गिल्ला केला. मिक्सरवाला सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

"उद्यापासून मशीन तुमचं," साहेब म्हणाले.

"उद्यापासून कशाला?" मावशींनी पदर खोचला. "वाफ तयार आहे. चल रे, पीठ ओत!"