एका हाताने फुलवलेला रस्ता

सोलापूरच्या गिरणीत मी रंगखात्यात होतो. सूत रंगवायची नवी रीत शिकायला मालकांनी मला सहा महिने जर्मनीला धाडलं. तोवर मी अक्कलकोटच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

तिथल्या गावात पोचलो त्या सकाळी रस्त्यातच थबकलो. दगडी घरं एकमेकांना चिकटून उभी, अंगण कुणालाच नाही. तरी प्रत्येक खिडकीबाहेर लाकडी पेटी, आणि पेटीतून लाल फुलं खाली ओघळलेली. दाराशी अर्धी कापलेली पिंपं, त्यांत पिवळी-जांभळी झुडपं. दिव्याच्या खांबालाही फुलांची टोपली! माझी सगळी हयात रंगाच्या कढईपाशी गेली होती, पण असा लाल मी कधी पाहिला नव्हता. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली तेव्हा कुठे मी बाजूला झालो.

माझ्या खोलीसमोर एक टपालवाला राहायचा. महायुद्धात त्याचा डावा हात गेला होता. कामावर निघण्याआधी तो झारी घेऊन अख्ख्या रस्त्याच्या पिंपांना पाणी घालायचा. एकदा वाऱ्याने कललेलं रोप तो काठीला बांधू पाहत होता. दोरीची गाठ काही बसेना. मी धावत जाऊन रोप धरलं. त्या दिवसापासून रोज सकाळी मी त्याच्याबरोबर.

मोडक्यातोडक्या भाषेत मी एकदा विचारलं, "हे सगळं तुम्हीच लावलंत?"

"लढाईवरून परत आलो तेव्हा इथे घरोघरी सुतकाचे काळे कपडे होते," तो म्हणाला. "पहिली पेटी आईच्या खिडकीत ठेवली. मग शेजारणीने मागितली."

एवढंच बोलून तो पुढच्या पिंपाकडे वळला. मी मात्र झारी धरून तसाच उभा राहिलो. एका हाताच्या माणसाने एवढा रस्ता फुलवला होता!

निघताना त्याने बियांची पुडी दिली. सोलापुरात आल्या आल्या मी रॉकेलच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडली, माती भरली आणि डबे रस्त्याकडेला मांडले. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

"विलायतेला जाऊन हेच शिकलात व्हय? हितं प्यायला पाणी न्हाय, फुलांना कुटलं?"

"तांदूळ धुतलेलं घालू की."

रोपं उगवली, वीतभर वाढली, आणि चैत्राच्या उन्हात आठ दिवसांत करपून गेली. मी दोन दिवस त्या डब्यांकडे फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून आलो तर त्याच डब्यांत बायकोने माहेरून आणलेली सदाफुली लावलेली. ती उन्हाला पुरून उरली. शेजारच्या हातमागवाल्याची म्हातारी आई तेलुगूच्या हेलात म्हणाली, "आमच्या दारात बी एक डबा ठेव की गं!" दिवाळीपर्यंत गल्लीतली सात घरं गुलाबी-पांढरी झाली होती.

मी झारी उचलली की बायको ती काढून घ्यायची.

"ऱ्हाऊ द्या. ही माझी फुलं हायेत."