व्याह्यांची बंदूक

अख्ख्या मिशिगन राज्यात आमच्या व्याह्यांइतका निरुपद्रवी बंदूकवाला सापडायचा नाही. मुंगी दिसली तर कागदावर घेऊन बागेत सोडतील. अंडं खात नाहीत. केकमध्ये आहे का, हे दुकानातल्या पोरीला तीनदा विचारतील. घरामागे त्यांनी लावलेली मेथी हरणं येऊन, अगदी सहकुटुंब, फस्त करून जात आणि हा माणूस खिडकीतून त्यांना म्हणायचा, "अरे, जरा खालची कोवळी पानं तरी ठेवा." मग कपाटातली रायफल काढायचा आणि गाडी काढून कागदाच्या तुकड्याला गोळ्या घालायला दूरच्या मैदानावर जायचा.

मी सातवी शिकलेला, कराडकडे पिठाची गिरणी चालवून पोराला इंजिनियर केलेला माणूस. हे पुण्याचे, कॉलेजातून निघून तरुणपणीच इकडे आलेले, मोटारींचे ब्रेक करण्यात जन्म घालवून रिटायर झालेले. दोन हजार पाच साली आमची मंडळी गेली आणि पोरानं मला उचलून इकडे, त्याच्या नोव्हाय गावी आणलं. बायको गेली की म्हाताऱ्याचं फर्निचर होतं, मुलं जागा बदलून ठेवतात. त्या फर्निचरला व्याह्यांनी हात घातला. दर शनिवारी सकाळी दारात गाडीचा हॉर्न. "व्याही, चला. मला विटनेस लागतो." साक्षीदार कशाला, तर कागदाला भोकं पडली याला. मीही जायचो, कारण तिथं गोळ्यांच्या आवाजापायी कानाला ते मोठे डबे लावावे लागतात. कानाला डबे असले की कुणी सांत्वन करत नाही.

त्यांची रायफलही त्यांच्यासारखीच. दाराच्या कडीगत दांडा मागं ओढून, पुढं सारून एकेक काडतूस भरायची, पण काडतूस मात्र पिस्तुलाचं, आखूड आणि बुटकं. ट्रकमध्ये स्कूटरचं इंजिन बसवल्यासारखा प्रकार. शेजारच्या टेबलावर एक कारखान्यातून रिटायर झालेला, शिकारी घालतात तसली भगवी टोपी घालणारा गोरा यायचा. तो हसून म्हणायचा, "बडी, दॅट्स अ पिस्टल राउंड. नेमाचं सोड." व्याह्यांना तेवढंच हवं होतं. मला म्हणाले, "लांब पल्ल्याच्या रायफलीनं नेम धरणं यात काय विशेष? ती बिचारी मारतेच. हिला शिकवायचंय." पन्नास यार्डांवर पाच गोळ्या, आणि पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली पाहिजेत, हा त्यांचा हट्ट.

त्या हट्टापायी विहीणबाईंनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. चाप किती जोर लावला की सुटतो हे बघायला यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवला. काडतुसं एकेक तोलून, सारख्या वजनाची एकत्र करून लोणच्याच्या बरण्यांत भरली, आणि विहीणबाईंनी एकदा पाहुण्यांसमोर भलतीच बरणी उघडली. बंदुकीचं लोखंड लाकडी दस्त्यात जरासुद्धा हलू नये म्हणून मध्ये वाळून घट्ट होणारी लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, ती यांनी श्रीखंडाच्या वाडग्यात कालवली. लोखंड चिकटू नये म्हणून आधी त्याला बुटाचं पॉलिश फासायचं असतं. फासलं, एक जागा राहिली. झालं, लोखंड आणि लाकूड एकजीव. मग कुणीतरी सांगितलं, गारठ्यानं सुटतं. सबंध बंदूक गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये, खवलेला नारळ आणि मटार यांच्या मधोमध निजवली. संध्याकाळी मराठी मंडळाच्या बायका आल्या, विहीणबाई मोदकांसाठी नारळ काढायला गेल्या आणि बंदूक घेऊन बाहेर आल्या. "अहो, ही माझी सवत वरच्या कप्प्यात ठेवू की खालच्या?" एक बाई खुर्चीतून उठून सरळ घरी गेली. बंदूक मात्र सुटली.

सगळ्यात प्यारा त्यांचा कागद. नळी दस्त्यावर टेकलेली चालत नाही, म्हणे. गोळ्या सुटून नळी तापली की कुठं टेकते त्याप्रमाणे नेम सरकतो. म्हणून नळी आणि लाकूड यांच्यात बारीक फट ठेवतात. ती फट मोकळी आहे ना, हे बघायला हे मराठी कॅलेंडरच्या जुन्या पानाची पट्टी त्या फटीतून टोकापासून शेवटपर्यंत फिरवायचे. दर शनिवारी. तोंडानं "मोकळं, मोकळं, मोकळं" म्हणत. सप्टेंबर संपता संपता भोकं एकमेकांना चिकटायला लागली. भगव्या टोपीवाला हसायचा थांबला होता.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या वर्षी सण नव्हता, म्हणून मी त्यांच्या गॅरेजात नुसता खुर्ची टाकून बसलो. पाने, ड्रिल, गवत कापायचं यंत्र, गाडी आणि अग्रभागी पाटावर बंदूक. पूजा त्यांनी स्वतः केली, आणि जे करतील ते जरा जास्तच. हळद, कुंकू, झेंडू, वर ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षतांचा मुसळधार मारा. "पुरे की हो," मी म्हटलं, "बंदूक आहे, नवरी नाही." ते म्हणाले, "हिच्यावर जास्त मेहनत घेतलीय."

त्याच शनिवारी बिघडलं. पहिल्या दोन गोळ्या शेजारी-शेजारी, पुढच्या तीन कागदभर. पुढच्या शनिवारी तसंच. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, आता घरी जाऊन बंदूक खोलतील, पुन्हा फ्रीझर, पुन्हा वाडगा. पण हे बंदुकीला बोटसुद्धा लावीनात. परतताना गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवरचा आपला उजवा हात बघत बसले.

"आमच्या वडिलांचे हात थरथरायचे," म्हणाले. "माझ्याच वयात सुरू झालं. आधी सही बिघडली, मग चहा सांडायला लागला. शेवटी पाणीसुद्धा आईनं पाजायचं."

"मग डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टर त्याला नाव देईल, व्याही. मला ते नाव नको आहे. घरात बोलू नका."

मी बोललो नाही. पण बघत होतो. या माणसानं चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला सुरुवात केली. चेकवर सही करायला विहीणबाईंना सांगू लागला. मला म्हणाला, "पुढच्या शनिवारी बंदूक त्या टोपीवाल्याला देऊन टाकतो. त्याच्या हातात शोभेल." मला रात्री झोप लागेना. आजाराचं नाव घरात आलं की घर कसं होतं ते मी त्याच वर्षी बघितलं होतं.

शनिवारी मैदानावर गर्दी. हरणांच्या शिकारीचे दिवस जवळ आलेले, जो तो आपली बंदूक तपासायला आलेला. टोपीवाला वाट बघत उभा. व्याह्यांनी बंदूक टेबलावर ठेवली, दांडा मागं ओढून रिकामी असल्याचं दाखवलं आणि मायेनं पुसायला लागले. मला राहवलं नाही.

"कागद फिरवा की."

"कशाला?"

"एरवी दर खेपेला फिरवता. दसऱ्याला पूजा झाली म्हणून राहिला, त्यानंतर एकदाही नाही फिरवला. दुसऱ्याला द्यायची वस्तू, बघून तरी द्या."

"अहो, बंदुकीत काही नाहीये! माझ्यात आहे!" आवाज इतका चढला की शेजारची माणसं वळली.

"माहीत आहे. तरी फिरवा."

माझ्यावरच्या रागानं त्यांनी पट्टी काढली. नळीच्या टोकाशी घातली, मागं सरकवली. मोकळं. मोकळं. आणि अर्ध्यावर पट्टी अडली. पुन्हा ढकलली, दुमडली, पुढं जाईना. व्याह्यांच्या तोंडावरचा राग हळूहळू उतरला आणि तिथं ब्रेकच्या कारखान्यातला माणूस आला. स्क्रू काढले, नळी वर उचलली. आत, लाकडाच्या खोबणीत, लालभडक, भिजून फुगलेला आणि वाळून दगड झालेला एक तांदूळ बसलेला होता.

टोपीवाला वाकून बघत म्हणाला, "व्हॉट द हेक इज दॅट?"

व्याही म्हणाले, "ब्लेसिंग."

मी म्हटलं, "व्याही, तुमचा हात नव्हे, तुमचा देव आडवा आलाय." आणि मला हसू फुटलं. आमची मंडळी गेल्यावर पहिल्यांदाच. असं हसलो की कानाचे डबे गळ्यात आले. व्याहीही हसले, डोळे पुसत, तांदूळ नखानं खरवडत.

बंदूक जोडली. पाच गोळ्या. टोपीवाला स्वतः दुर्बिणीतून बघत होता, त्यानं नुसता अंगठा वर केला. नाण्याखाली बसली असती का? चार बसली असती. पाचवं जरासं बाहेर, लाजून उभं राहिल्यासारखं. व्याह्यांनी कागद आणायला जायची घाईच केली नाही. बंदूक खाली ठेवली, हातमोजा काढला आणि उजवा हात माझ्यापुढं धरला.

"बघा हो. खरं सांगा. थरथरतोय?"

नुसतं बघून मला सांगता येईना, म्हणून मी तो हातात घेतला. गरम होता, बोटांना तेलाचा वास. मंडळींचा हात दवाखान्यात सोडला त्यानंतर मी कुणाचा हात असा धरला नव्हता. कुठंतरी बारीक थरथर होती, थंडीत म्हाताऱ्या हाताला असते तेवढी, पण ती त्यांची होती की माझी, हे काही मला ओळखू आलं नाही.

"चांगला आहे," मी म्हटलं. "तरी सोमवारी डॉक्टरला दाखवू. मी येतो बरोबर."

"याल?"

"साक्षीदार लागतो ना तुम्हाला."

ते बरं म्हणाले. हात सोडायची आठवण मात्र दोघांनाही जरा उशिराच झाली.