विजयाकाकूंची रोजची चतुर्थी

आधीच माफी मागतो. मी विजयाकाकूंचा कुणी लागत नाही, आणि पुरवणीत लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे काही लिहायचं असलं की सगळे माझ्याकडे बघतात. काकू जाऊन महिना उलटून गेला. त्यांची मुलगी नीताताई म्हणाली, "तू लिही. माझ्याच्यानं होणार नाही." म्हणून लिहितोय. कुठे कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

पूनम सागर सोसायटीत त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर. आम्ही मूळचे नांदेडकडचे, बौद्ध. वडील काशीमीऱ्याच्या एका गोदामात नोकरीला, आणि घर भाड्याचं. काकू दादरहून इथे आलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. काका त्याआधीच वारले होते. काकूंची संकष्टी कधी चुकली नाही. आमच्या खिडक्यांतून समोरच्या बिल्डिंगची भिंत तेवढी दिसते, आकाश दिसत नाही. त्यामुळे गच्चीवर जाऊन चंद्र बघून यायचं काम माझ्याकडे असायचं. घरात नीताताई असताना मलाच का पाठवता, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "तिला भूक लागलेली असते. तिचा चंद्र लवकर उगवतो. तुमच्याकडे पाळत नाहीत, तुला कसली घाई?"

आजार कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येणार नाही. काकू मला पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाच्या नावाने हाक मारू लागल्या, एकाच सकाळी दोनदा कुकर लावू लागल्या... आम्ही वयावर सोडून दिलं. मग एक दिवस त्यांनी जेवणाचं ताट मागे सारलं. आज चतुर्थी आहे, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर त्यांची रोजच चतुर्थी असायची. दिवसभरात साबुदाणा, उकडलेला बटाटा आणि गोड चहा, बाकी कशाला हात लावायच्या नाहीत. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला, आणि पालेभाज्या, डाळी, मासे द्या, साखर बंद करा, असं बजावलं. काकूंना मधुमेहही होता. नीताताई जिन्यात म्हणाली, "कधी देऊ रे पालेभाजी? हिचा उपास सुटेल तेव्हा ना?"

उपास सुटायचा तो चंद्र उगवल्यावरच. नीताताईने सांगून पाहिलं, पण तिच्यावर काकूंचा आधीपासूनच विश्वास नव्हता. मग मी कॉलेजातून आलो की त्यांच्या दारात उभा राहून म्हणायचो, "काकू, चंद्र उगवला." अमावस्येलाही म्हणायचो. बाहेर अजून उजेड असला तर नीताताई आधी पडदे ओढून घ्यायची.

"स्वच्छ दिसला, का ढगात होता?"

"स्वच्छ, काकू."

मग त्या हात जोडायच्या, नैवेद्य दाखवायच्या आणि समोर येईल ते जेवायच्या. वरणभात, भाजी, पोळी. दिवसातलं तेवढंच एक नीट जेवण. ते पोटात जावं म्हणून आमची सगळी धडपड. प्रॅक्टिकल लांबलं की मी गाडी पकडायला कॉलेजातून भाईंदर स्टेशनपर्यंत पळत जायचो. तरी काकूंच्या मनगटातल्या बांगड्या हळूहळू कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या.

मी प्राणिशास्त्र घेतलंय, म्हणून नीताताईला वाटायचं की मला यातलं कळतं. एकदा तिने मला जिन्यात बसवूनच घेतलं. "आजी अशीच गेली. मोठी मावशी अशीच. आता ही. मामा मात्र ऐंशीचा झाला तरी शब्दकोडी सोडवतोय. हा बायकांनाच होतो का रे?"

"बायकांना जास्त होतो. बायका जास्त जगतात, हे एक कारण सांगतात. पण तेवढंच नाही म्हणतात..."

"आणि माझ्यात आला असेल?"

मी कॉलेजातल्या मॅडमना विचारून ठेवलं होतं. एका जनुकाचा एक प्रकार असतो. तो असला की शक्यता वाढते, पण असला म्हणजे होतोच असं नाही, आणि नसला म्हणजे सुटलो असंही नाही. मी अडखळत सांगितलं.

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही."

"मग अक्रोड खाऊ का?"

"खा."

"कसले कडू असतात रे," ती म्हणाली आणि हसली.

मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात. कचरा उचलायचा, बाहेरचं काही शिरलं तर हाकलायचं, हे त्यांचं काम. या आजारात कचरा साचत जातो तशा त्या बिथरतात आणि चांगल्या भागाचंही नुकसान करू लागतात. घरी मी हे वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "राखणदारच माल फोडायला लागला तर मालकानं जायचं कुठं?" त्यांच्या गोदामाच्या भाषेत त्यांना ते माझ्याआधी समजलं होतं.

परीक्षा संपल्यावर आम्ही गावी गेलो. निघण्याआधी चंद्र सांगायला खालच्या मजल्यावरच्या भाभींना पाठवून पाहिलं. काकूंनी त्यांना चहा दिला, स्वतः मात्र जेवल्या नाहीत. गावात माझा जीव त्यातच अडकलेला. आठवड्याने चुलत्यांच्या दुकानातून फोन लावला, तर नीताताई म्हणाली, "जेवते आता. सकाळी पण, दुपारी पण. काल पालक खाल्ला."

"बरं झालं," मी म्हणालो. खरंच बरं वाटलं होतं. "चंद्र कोण सांगतं?"

"कुणी नाही. ती विचारतच नाही."

काकूंना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं तेव्हाही चतुर्थी आठवत होती...

त्यानंतर दुकानात तिचा निरोप आला, तो माझ्यापर्यंत पोचायला दुसरा दिवस उजाडला. मी लगेच फोन लावला.

"आई गेली रे," नीताताई म्हणाली. "मंगळवारी."

मग तीच म्हणाली, "जेवून गेली. वरणभात, माठाची भाजी. भरवलं ते सगळं खाल्लं. काही विचारलं नाही."