रूळ ओलांडून का गेलास?

"रूळ ओलांडून तू कशाला गेलास?"

साहेबानं हे विचारलं तेव्हा मी ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर एका पायावर उभा होतो. कुबडी नवी होती, काखेत रुतत होती. आत एक खुर्ची रिकामी होती. बस म्हणणारं कोणी नव्हतं.

लोणंदच्या स्टेशनामागं शेंगांची गिरणी होती. तिथं मी पोती वाहायचो. मालगाडीच्या डब्याखाली माझा पाय गुडघ्यापासून गेला. भरपाईचा कायदा आहे असं दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं, म्हणून अर्ज केला. साहेब साताऱ्याहून चौकशीला आला. पाय कामापायी गेला की नाही, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

मी सांगितलं, पाणी प्यायला गेलो होतो. रुळांपलीकडं बैलांचा हौद आहे, तिथं.

"गिरणीत रांजण आहे ना?"

होता की. वर पितळी तांब्याही होता. पण मी महार. मी शिवलो तर रांजण बाटायचा. आम्ही ओंजळ धरायची, दुसऱ्या कोणी वरून ओतायचं, असा तिथला रिवाज. त्या दिवशी उन्हात पोती चढवून जीव कासावीस झाला होता. माझ्या जोडीचा हमाल दौलू, कुणब्याचा, एरवी हसूनखेळून असायचा. त्याला म्हटलं, जरा पाणी घाल. तो भाकरी खात होता. "जेवू तरी दे रं गड्या," म्हणाला. मला दम निघेना. मी हौदाकडं गेलो.

हे सगळं ऐकून गिरणीचे दिवाणजी हसले.

"मनाई कोणी केली? कुठं लिहिलंय, दाखव."

कुठंच लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच काय? आम्हाला ते आईच्या दुधाबरोबरच पाजलेलं असतं.

दौलूला बोलावलं. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. "मला काय ठावं न्हाई, साहेब," म्हणाला आणि निघून गेला. त्यालाही पोट होतं, हे मला कळतं. तरी पायापेक्षा ते जास्त दुखलं.

मग दिवाणजी बाहेर आले आणि गोड बोलायला लागले. आपल्या मर्जीनं गेलो एवढं साहेबापुढं कबूल कर, तुझ्या बायकोला शेंगा निवडायला घेतो म्हणाले. घरात चूल पेटायची पंचाईत होती. बायको फाटकाशी बसून होती. खोटं कशाला बोलू, मी हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात आतून साहेब म्हणाला, "पाणी पिणं हे काही गिरणीचं काम नव्हे."

शिपायानं आणलेला पाण्याचा पेला त्याच्या हातात होता. घोट घेऊन त्यानं मिशा पुसल्या. माझं डोकं फिरलं.

"मी मर्जीनं गेलो न्हाई, साहेब. ह्यांच्या कामानं तहान लागली, आन् ह्यांनीच मला बैलांच्या हौदावर धाडलं."

साहेबानं पेला खाली ठेवला आणि कागदावर लिहायला घेतलं. मग ठरलं, अपघात कामाचा नव्हे. बायकोचं कामही तिथंच बुडालं. घरापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तिचं काय चुकलं? महारवाड्यातली माणसंही म्हणाली, एका शब्दानं काय बिघडणार होतं?

वर मुंबईला मोठं कोर्ट आहे म्हणतात. तिथंही असाच कोणी साहेब बसला असेल. मला काही मिळणार नाही. पाय तर नाहीच, भाकरीही नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मर्जीनं गेलो, हे माझ्या तोंडून कोणाला वदवून घेता यायचं नाही. उपाशी मेलो तरी नाही.